रस्त्याकडची पट्टी

२९ ऑगस्ट

इटा म्हणाली, लिहीत जा. रानात जे करशील ते त्याच दिवशी लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षी काय चुकलं ते शोधत बसशील. मी म्हटलं, माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली, आई गेली आणि पाठची चार भावंडं गळ्यात आली, मला कुठलं लिहायला जमतंय. ती म्हणाली, जमिनीला शुद्धलेखन कळत नाही. म्हणून ही वही. गुरांच्या औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. दर पानावर एक वासरू हसतंय. वासरू कधी हसतं का?

तर लिहिते. या वर्षीचाही जव माल्टवाल्यांनी परत पाठवला. दाणा बारीक, प्रथिनं जास्त. बियरला चालत नाही, गुरांना चालतो. सलग दुसरं वर्ष. पोत्यातलं खत आम्ही दर वर्षी वाढवतोय आणि पीक दर वर्षी रुसतंय.

इटा नोलन शेजारच्या कार्लो जिल्ह्यातली. नवरा गेल्यावर एकटीनं शेत सांभाळलं, आता दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्हा पंधरा-वीस जणांना माती शिकवते. परवा ती आमच्याकडे चढाच्या रानात आली आणि तिनं फावडं मारलं. एक वीत माती, मग टण्ण. खाली फरशी असावी तसं. चाळीस वर्षं नांगराचा फाळ एकाच खोलीवर फिरला, त्यानं घासून घासून खालचा थर दगडासारखा केला, असं ती म्हणाली. मुळं तिथवर जातात आणि आडवी होतात. पाणी तिथवर जातं आणि तुंबतं. एका फावड्यात गांडुळं मोजली. दोन. त्यातलं एक मीच फावड्यानं कापलेलं.

मला राग आला. तिचा नाही. इतकी वर्षं त्या रानात राबले आणि एकदाही खाली डोकावून बघितलं नाही, त्याचा.

२ सप्टेंबर

म्हातारा येऊन गेला. माइल्स डेव्हरो, वय एक्याऐंशी, लग्न केलं नाही, बोलणं मोजून. चढाचं रान त्याचं, सव्वीस एकर. आमचं स्वतःचं अकराच, तेही दगडाळ. म्हणजे चढाचं रान आहे तोवर शेती आहे. ते गेलं की मी आणि माझा नवरा फिंटन शहरात भाड्याच्या खोलीत, आणि मी कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासतेय.

दर सप्टेंबरात तो येतो, उभ्यानं चहा पितो, हात पुढे करतो आणि अकरा महिन्यांची बोली होते. कागद नाही. या वेळी हात खिशातच. म्हणाला, एडन रोशनं विचारलंय, तो जास्त देतोय. रोश म्हणजे ज्याच्या ट्रॅक्टरचं चाक आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपेक्षा उंच आहे. चर्चपासून समुद्रापर्यंत निम्मी जमीन तोच करतो.

मग म्हातारा म्हणाला, "अजून एक वर्ष देतो. पण ब्रिजिडच्या सणाला, एक फेब्रुवारीला, रान नांगरलेलं दिसलं पाहिजे. माझ्या बापाच्या रानात तण माजलेलं दिसलं तर पुढच्या वर्षी रोशला."

मी हो म्हटलं. हात मिळवला. इटाकडून आणलेली हिरवळीच्या बियाण्याची पाच पोती तेव्हा माझ्या मागे, दाराआड उभी होती.

४ सप्टेंबर

पेरलं. ओट, मोहरी, मुळा, वाटाण्याच्या जातीची एक वेल आणि निळ्या फुलाचं एक काहीतरी, ज्याचं नाव फिंटनलाही उच्चारता येत नाही. नांगर नाही, सरळ धसकटात. हिवाळाभर रान झाकलेलं राहील, मुळा खालचा थर फोडेल, वेल हवेतलं खत जमिनीत आणेल, आणि वसंतात सगळं तिथंच मोडून त्यात जव पेरायचा. इटानं असं सांगितलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला कारण तिच्या रानात मी एका फावड्यात एकवीस गांडुळं स्वतः मोजली.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून फिंटन ट्रॅक्टरवर चढत नाही. नांगरणीच्या स्पर्धेत तीन वेळा जिल्ह्याचा कप जिंकलेला माणूस. कपात सध्या कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. आज फाटकापाशी गाडीत बसून काच खाली करून बघत होता.

"मेना, उष्ट्या ताटात वाढतेयस तू," म्हणाला.

मी म्हटलं, तुला रोज वाढते, तुला कळलं का?

मग त्यानं विचारलं, म्हाताऱ्याला दिलेल्या शब्दाचं काय? मी म्हटलं, रान रस्त्यापासून चढतं आणि माथ्यापलीकडे उतरतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, तो रविवारी गाडीतून रस्त्यानं जातो, त्याला दिसून दिसून दिसणार किती? फिंटननं काच वर केली.

१ ऑक्टोबर, रविवार

मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तीन जणांनी मला विचारलं, फिंटनची तब्येत फार वाईट आहे का. कारण रान हिरवं. या गावात माणूस खाटेला खिळल्याशिवाय त्याचं रान असं दिसत नाही. रोश म्हणाला, मेना, मोहरी लावलीस, आता सॉसेजही पेर. सगळे हसले. मीही हसले असते, पण म्हातारा चार पावलांवर उभा होता. टोपी घातली आणि गेला.

१९ ऑक्टोबर

निळं फूल आलंय. एवढ्या उशिरा मधमाशा कुठून आल्या देव जाणे, सगळा चढ गुणगुणतोय. मी एकटीच उभी राहिले थोडा वेळ. काम होतं, तरी.

परत येताना म्हाताऱ्याचं कुत्रं आमच्या अंगणात. केसांत वेलीचे तुकडे, पाठीवर निळ्या पाकळ्या. भटकं झालंय ते. म्हाताऱ्याचं लक्ष नसतं. ब्रश मारून, हाड देऊन घरी पाठवलं. पाकळ्या बघून म्हाताऱ्याला शंका नको.

२२ नोव्हेंबर

पाच दिवस धो धो. दर वर्षी या पावसानंतर चढाच्या पायथ्याला तळं व्हायचं, त्यात बगळे यायचे. आज गेले, तळं नाही. मुळा उपटायला गेले तर अर्धा हात खाली गेलेला, मधेच तुटला. त्या भोकातून पाणी जिरत होतं, आवाज येईल इतकं. गुडघ्यावर बसून कान लावला. बरं झालं कुणी बघितलं नाही.

मला लोकांचे आभार मानता येत नाहीत. तोंड वाकडं होतं. म्हणून इथं लिहिते: इटा, देव तुझं भलं करो.

एक सांगायचं राहिलं. माथ्यापलीकडे कुणीतरी खणलंय. चौकोनी, एका फावड्याएवढं, आणि वरचा थर हिरवळीसकट परत नीट बसवलाय. बिळं खणणारा बिज्जू एवढा नीटनेटका नसतो. रोशच असणार. हात घालण्याआधी माल तपासतोय.

३१ जानेवारी

उद्या ब्रिजिडचा सण. शेजारची सगळी रानं नांगरून चॉकलेटासारखी चमकतायत. आमचं हिरवं. झोप नाही. इटाला फोन केला. ती म्हणाली, जा आणि त्याला खरं सांग. बोलायला काय जातं तिचं, तिचं रान तिच्या नावावर आहे.

मी ठरवलं. रस्त्याकडची पट्टी नांगरायची. कुंपणापासून माथ्यापर्यंत, साठ पावलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला अख्खं रान नांगरलेलं दिसेल. माथ्यापलीकडे कोण जातंय?

फिंटनला सांगितलं. वाटलं हसेल. तो म्हणाला, ती पट्टी तू नांगरणार? रस्त्याकडची? नांगराची तासं वेडीवाकडी ओढून माझं नाव घालवणार? मी नांगरतो.

मी म्हटलं, तुझा खुबा. तो म्हणाला, खुबा माझा आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

नांगरलं त्यानं, सणाच्याच दिवशी. त्याला ट्रॅक्टरवर चढवायला मला खालून ढकलावं लागलं, दोघंही घामाघूम. मग सलग तीन तास नांगर चालला. मागं वळून बघायचा, पुढं बघायचा. दोरी लावून आखलीत अशी तासं. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबून थांबून बघत होत्या. एकानं हॉर्न वाजवला.

शेवटचं तास मात्र माथ्यापाशी जरा वाकलं. खाली उतरला तेव्हा डोळे लाल. वर वारा फार बोचरा असतो. मी म्हटलं, आत चल, सूप केलंय. तो म्हणाला येतो, आणि ट्रॅक्टरला टेकून किती वेळ तसाच. कंबर धरली असणार. मला वाईट वाटलं, माझ्या लबाडीपायी त्याच्या हाडांना त्रास.

आज मिस्सेनंतर म्हातारा मुद्दाम माझ्याजवळ आला आणि म्हणाला, रस्त्याकडची बाजू छान दिसतेय. मी म्हटलं थँक यू. छातीवरचं ओझं उतरलं.

२९ मार्च

जव पेरला. पट्टीत आणि पलीकडे, एकच बी, एकच दिवस. पलीकडची हिरवळ थंडीनं निम्मी झोपली होती, उरलेली मेंढ्यांनी खाल्ली आणि लेंड्या टाकल्या, वरून जड रोलर फिरवला. बियाण्याला इटाच्या पाककृतीनं कंपोस्टचा काढा आणि काकवी चोळली. फिंटन म्हणाला, ख्रिसमसच्या केकला इतकं नटवत नाहीस. पोत्यातलं खत निम्मंच घेतलं. दुकानदारानं दोनदा विचारलं, नक्की ना?

१२ मे

पट्टी पुढे आहे. पलीकडचा जव पिवळा, आळशी, थंड मातीत बसून राहिलाय. निम्मं खत कमी केलं ती चूक झाली का? रडू आलं, मग राग आला, मग घर पुसून काढलं.

२१ जून

पलीकडच्यानं मान वर केली. एकेका रोपाला पाच-सहा फुटवे. मी रोज जाते. पण पाऊस नाही, महिना होत आला.

८ जुलै, रविवार

सहा आठवडे थेंब नाही. फिंटनला पासष्टाव्या वर्षी असा उन्हाळा पहिल्यांदा दिसतोय. विहिरीचं पाणी गढूळ, लोक गुरांना हिवाळ्याची वैरण घालतायत.

आणि झालं काय ते लिहिते, लिहिताना लाज वाटते. रस्त्याकडची पट्टी जळाली. जव गुडघ्याच्याही खाली, पिवळाफटक, ओंब्या रिकाम्या. उघडी नांगरलेली माती, होती ती ओल उडून गेली. आणि माथ्यापलीकडे जव कमरेइतका, हिरवा, भरलेला. रान झाकलेलं होतं, खालचा थर फुटला होता, मुळं खोल गेली, त्यांना खाली ओल सापडली. माथ्यावर उभं राहिलं तर एका पायाखाली दुष्काळ आणि दुसऱ्या पायाखाली सुकाळ.

पण रस्त्यावरून दिसतो तो फक्त दुष्काळ. मीच दाखवलाय तो सगळ्यांना. आज चर्चच्या आवारात सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलत होते, घरात कुणी गेल्यासारखे. रोश कुंपणापाशी गाडी थांबवून बघत होता. फिंटननं सांगितलं, तो म्हाताऱ्याकडेही जाऊन आला. म्हणाला, किओ नवराबायकोनं तुमचं रान जाळलं.

गप्प राहिले तर रान रोशकडे. पलीकडचं पीक दाखवावं तर सांगावं लागेल की ते नांगरलं नाही, शब्द मोडला, वर नाटक केलं. तरी रान रोशकडेच. मेना किओ, हुशारी केलीस ना, भोग आता.

९ जुलै

सकाळी गेले. म्हातारा अंडं खात होता. मी बसले नाही.

"मी तुम्हाला फसवलंय," म्हटलं. "रस्त्याकडची पट्टीच नांगरली. बाकीचं नांगरलं नाही. हिवाळाभर तिथं तुम्ही म्हणता तसलं तण होतं, आणि ते मीच पेरलं होतं. रान रोशला द्यायचं तर द्या. पण जळालं म्हणून देऊ नका. जळालेलं नाही ते. एकदा येऊन बघा."

त्यानं अंडं संपवलं. काठी घेतली. म्हणाला, पुढच्या फाटकानं नको, मागच्या कुंपणातल्या खिंडारानं जाऊ, ते जवळ पडतं. पडतं खरं, इतकी वर्षं मला सुचलं नव्हतं. गुडघे गेलेला माणूस, पण कुंपणाची पायरी बरी चढला. कुत्रं पुढे, रोजची वाट असल्यासारखं. कुत्र्यांना सगळं आपलंच वाटतं.

माथ्यावर उभं राहून त्यानं काठी पलीकडच्या मातीत दाबली. वीतभर गेली. दोन पावलं इकडे, पट्टीत दाबली. गेली नाही.

"बी एकच?" म्हणाला.

"एकच. एकाच दिवशी."

काठीचं टोक बुटावर पुसलं. मग बोलला ते भलतंच.

"पट्टी फिंटननं नांगरली ना?"

"हो."

"शेवटचं तास वाकलंय."

"कंबर धरली त्याची."

"कंबर नाही, बाई."

मग काय, ते सांगितलं नाही. मी विचारलं, रोशला काय सांगणार? म्हणाला, कापणीनंतर बघू. आणि त्याच वाटेनं परत गेला.

म्हणजे गेलं रान. तरी घरी येऊन पोटभर जेवले. कित्येक महिन्यांनी अन्नाला चव होती.

७ ऑगस्ट

कापणी. पट्टी वेगळी कापली. हार्वेस्टरवाला वैतागला, म्हणाला, एवढ्याशा भुशासाठी टाकी रिकामी करू? मी म्हटलं, कर. पट्टीतला एक दाणा जरी त्यात गेला तर सगळा माल नाकारतील.

माल्टच्या गोदामावर पोरसवदा बाईनं नळी खुपसून नमुना काढला, यंत्रात घातला. माझ्या पुढच्या चार गाड्या परत गेल्या होत्या, दुष्काळानं सगळ्यांचा दाणा बारीक आणि प्रथिनं चढलेली. ती यंत्राकडे बघत होती आणि मी तिच्या कानातल्याकडे. मग म्हणाली, डावीकडे. डावीकडे म्हणजे माल्ट.

मी तिला काय म्हणाले आठवत नाही. ट्रॅक्टरमध्ये बसून "हे दयाळू मरिये"पासून प्रार्थना सुरू केली आणि संपेपर्यंत मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. खत निम्मं, डिझेल निम्मं, आणि असं पीक पाच वर्षांत नव्हतं. इटाला फोन केला तर ती म्हणाली, सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलंस. यापुढे आभार मानले असं समज.

पट्टीतला जव कोंबड्यांना घातला. त्यांनीही नाकं मुरडली.

पण रान माझं नाही. रोशनं परवा पबमध्ये सांगितलंय की हिवाळी गहू घेणार.

१ सप्टेंबर

म्हातारा आला. आणि बसला. आमच्या घरात पहिल्यांदा. मी घाबरलेच. वाईट बातमी माणूस बसून सांगतो.

खिशातून घडी घातलेला कागद काढला. शहरातल्या वकिलाचा. मला वाचायला वेळ लागतो म्हणून फिंटनकडे दिला. फिंटन मोठ्यानं वाचायला लागला: चढाचं रान, सव्वीस एकर, फिलोमिना किओ यांना, दहा वर्षांसाठी.

मी म्हटलं, दहा? अकरा महिने नाहीत? म्हातारा म्हणाला, माती करायला दहा वर्षं लागतात, असं ती कार्लोची बाई म्हणते. मी विचारलं, तुम्ही इटाला कुठं भेटलात? म्हणाला, ऑक्टोबरात. फोन लावला होता, तुझ्या रानातलं निळं फूल कसलं ते विचारायला. माझ्या डोक्यात तेव्हा हे शिरलंच नाही. आता लिहिताना शिरतंय. ऑक्टोबरात. बरं. म्हणजे तो चौकोनी खड्डा रोशचा नव्हे. रोशला उगाच शिव्या दिल्या. देणं वाया गेलं असं नाही.

फिंटन शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. मी म्हटलं, वाच की. वाचेना. चष्मा पुसत बसला. मी कागद ओढून घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. रस्त्याकडची पट्टी, कुंपणापासून माथ्यापर्यंत, दर वर्षी ब्रिजिडच्या सणाच्या आत नांगरली जावी, आणि ती फिंटन किओ यांनीच नांगरावी, शरीर साथ देईल तोवर. दुसऱ्या कुणी नाही.

मला राग आला. म्हटलं, अहो माइल्स, बघितलंत ना तिथं काय झालं ते? दर वर्षी गावासमोर माझं वाईट पीक दाखवायचं?

"होय," म्हातारा म्हणाला. "दोन्ही शेजारी शेजारी असलेलं बरं. लोक बघतील." मग फिंटनकडे न बघता म्हणाला, "आणि रस्त्यावरून चांगली नांगरणी बघायला मिळते ती आता कुठं मिळते? मी रविवारी त्याच रस्त्यानं जातो."

फिंटन कुत्र्याला बघून येतो म्हणून बाहेर गेला. कुत्रं टेबलाखाली होतं.

मी सही केली. फिलोमिना लांब नाव आहे, वेळ लागतो. पुरुषांच्या डोक्यात काय चालतं मला कधी कळलं नाही आणि आता कळून घ्यायची इच्छाही नाही. पट्टी तर पट्टी. पलीकडचं सगळं माझं, दहा वर्षं. देवा, दहा वर्षं. मी म्हाताऱ्याचे आभार मानायला तोंड उघडलं आणि दुसरा चहा हवा का ते विचारलं. तो हो म्हणाला.

२ सप्टेंबर

हिरवळीचं बी पेरलं, मागल्या बाजूला सगळं. या वेळी सात जातींचं. दुपारी पाऊस भुरभुरला, जसा हवा तसा.

घरी आले तर फिंटन शेडमध्ये. नांगर बाहेर ओढलाय, फाळ काढून घासतोय, बाजूला ग्रीसचा डबा. मी म्हटलं, ब्रिजिडच्या सणाला पाच महिने आहेत. तो म्हणाला, गंजाला कॅलेंडर दिसत नाही. जेवायला बोलावलं, दोनदा. ऐकलं नाही. शीळ घालत होता. त्याला शीळ घालता येते हे मी विसरलेच होते.

बटाटे गार होत होते. मी ताट तिकडेच नेऊन दिलं, आणि मीही तिथंच पेटीवर बसून जेवले.